ज्याचे दिवस आधीच घातले, त्याच्या वाडीची व्यवस्था

मी पुंजाराम वल्द सहदेव, पूर्वीचा माळी, आता येशू ख्रिस्ताचा माणूस, उमर अंदाजे पासष्ट, राहणार अमरावतीच्या परकोटाबाहेर अंबा नाल्याच्या काठी, आज तारीख १६ जानेवारी सन १८६५ रोजी माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करावे ते माझ्याच हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणी नशापाणी दिलेले नाही, कोणी दटावलेले नाही. खोकला आहे, पण तो छातीत आहे, डोक्यात नाही. उजव्या डोळ्याने कमी दिसते म्हणून ओळी वर चढतात; त्यावरून मी शुद्धीवर नव्हतो असे कोणी म्हणू नये.

पेठेत बसून लिहून देणारे लोक आहेत, पण ते मोडी लिहितात आणि मोडी मला धड वाचता येत नाही. मग त्यांनी काय लिहिले हे मला कसे कळावे? लहानपणी पंतोजीपुढे दोन पावसाळे धुळाक्षरे गिरवली, तेवढ्यात वडिलांनी मोटेवर घेतले. म्हातारपणी देवीदास मास्तरांनी छापील अक्षरांवरून बाळबोध शिकवले. हे मास्तर नागपूरकडचे, आमच्या लहानशा मंडळीचे उपदेशक. म्हणून बाळबोधच लिहितो. चुकले असेल तिथे मतलब पाहावा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे कोणी हरकत घेईल. मी एकदा मेलेलो आहे. सहा वर्षांमागे मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जातीच्या पंचांनी मला जातीबाहेर काढले, आणि माझा धाकटा भाऊ नत्थुजी याने नाल्यावर माझे दिवस घातले. पिंड ठेवले, डोके भादरले, तेरवीचे जेवणही घातले. मी त्या वेळी वाडीत वांगी तोडत होतो. तर मेलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येते का, हे मी पटवारी किसनराव यांना विचारले. ते म्हणाले, "सारा कोण भरते वाडीचा?"

मी म्हणालो, मीच भरतो.

"मंग सरकारदफ्तरी तुम्ही जित्ते आहा. जा, लिहा."

म्हणून लिहितो.

कलम पहिले, देहाबद्दल. मला जाळू नये, पुरावे. जागा वाडीच्या वरच्या कोपऱ्यात लिंबाच्या झाडाजवळ धरावी. विहिरीपासून दूर खणावे, नाहीतर उद्या पाण्याबद्दल तक्रार निघेल आणि मी तर उठून उत्तर देणार नाही. उन्हाळा असेल तर काळी माती दगडासारखी होते. खणणाऱ्याला आदल्या दिवशी पाणी सोडून माती भिजवू द्यावी. पण आदला दिवस कोणता हे कसे कळणार? तेवढे मास्तरांनी पाहावे. दहावा, तेरावा काही करू नये. ते सगळे एकदा झालेले आहे आणि दुसऱ्यांदा करण्याची रीत कुठेच नाही.

कलम दुसरे. माझी एकुलती मुलगी कौशल्या अकोल्याला दिलेली आहे. तिच्या आईची, म्हणजे पार्बताबाईची, पितळी भांडी, घंगाळ आणि चांदीचे वाळे तिला द्यावेत. भोपळ्यात राख घालून ठेवलेले वांग्याचे बीसुद्धा तिलाच द्यावे. जावई गोवर्धन भला माणूस आहे, पण त्याला सध्या कपाशीशिवाय दुसरे काही दिसत नाही. साऱ्या वऱ्हाडाचे तसेच झाले आहे. ज्या देशातून विलायतेला कापूस जायचा तिथे म्हणे भाऊभाऊ एकमेकांवर बंदुका रोखून उभे आहेत, आणि त्यामुळे आमच्या कापसाला असा भाव आला आहे की लोकांनी मेथी-कोथिंबिरीचे वाफे मोडून सरकी टाकली. त्यांची लढाई संपली की काय होईल, या काळजीने मला झोप लागत नाही. मी एक बोंडही लावले नाही तरी लागत नाही. कौशल्येने वांग्याचे बी दरसाल थोडे तरी पेरावे. बी ठेवून ठेवून मरते.

कलम तिसरे. दोन बैल, मोट, नाडा, खुरपी, कुदळ, घोंगडी. घोंगडी मास्तरांना द्यावी, त्यांची फार विरली आहे. बाकीचे पुढे जे ठरेल त्याप्रमाणे. बैलांपैकी डाव्या बाजूचा बैल शीळ घातल्याशिवाय पाणी पीत नाही, हे नव्या धन्याला सांगावे.

कलम चौथे. माझा भाऊ नत्थुजी याला माझ्या मिळकतीतले काही एक देऊ नये.

कारण लिहितो. वाडी आमच्या वडिलांची आणि विहीरही त्यांनीच खोदलेली. तिच्यावर दोन मोटा, उत्तरेची माझी, दक्षिणेची नत्थुजीची. जन्मभर आम्ही दोघांनी समोरासमोर मोटा हाकल्या. मी गाण्याची एक ओळ म्हणायचो, पुढची तो उचलायचा. तेरवी झाल्यावर त्याने माझ्या बाजूला बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. मी विचारले, "नत्थू, हे काऊन?"

तो खाली पाहून म्हणाला, "पाणी बाटते म्हन्तेत."

"चामड्याच्या मोटीनं बाटत नाही, अन् भावाच्या हातानं बाटते?"

त्याची बायको रुख्मिणी तिथेच होती. मी तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणून ती माझ्याशी थेट बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती बैलाला म्हणाली, "चाल रे बाबा. मेलेल्या मानसाशी कोन बोलते!"

हे वाक्य मी सहा वर्षे जपले आहे. बी जपावे तसे जपले, आणि हे बी मात्र मेले नाही.

त्याच आठवड्यात नत्थुजी मला बाजारात दिसला. डोके तुळतुळीत, मिशाही काढलेल्या. माझ्यासाठी सुतक पाळलेला माझा भाऊ माझ्या ढिगाशी येऊन उभा राहिला आणि एक वांगे उचलून पाहू लागला. मी म्हणालो, "ठेव खाली. मेलेल्याच्या हातचं खाऊ नोको, बाधते." त्याने ठेवले आणि गेला. मग मी नाल्याच्या खालच्या अंगाला वेगळी विहीर खोदली. तिचे पाणी मचूळ लागले. मेथी पिवळी पडते, वांगी तेवढी येतात.

नाल्यावर त्या दिवशी काय झाले ते मला कौशल्येने सांगितले. तिला अकोल्याहून आणून रडायला बसवले होते. ती म्हणाली, "बा, मले रडू कसं यावं? तुमी वाडीत खोकून राहिले होते, ते इकडं ऐकू येऊन राहिलं होतं." पिंड ठेवले आणि कावळे बाभळीवर बसून राहिले, एकही खाली उतरेना. पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याचा जीव कशात तरी अडकला असे आमच्यात धरतात, आणि घरच्यांनी त्याची इच्छा पुरवण्याचे वचन द्यायचे असते. लोकांनी नाना वचने सुचवली. शकुन नावाची एक म्हातारी म्हणाली, "अरे, तो पाहा तिकडं वांगे तोडून राहिला. मानसाईले कळत नाही ते कावळ्याईले कळते!" तरुण पोरे हसली, पंचांनी त्यांना दबकावले. शेवटी नत्थुजी एकटा पिंडापाशी गेला आणि हात जोडून बराच वेळ काही पुटपुटला. कावळा तरीही आला नाही. जेवण थंड होऊ लागले तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववला.

नत्थुजी काय पुटपुटला ते कोणाला ऐकू आले नाही, पण मला ते माहीत आहे. त्याने म्हटले असेल, दादा, आता विहिरीची काळजी करू नको, दोन्ही मोटा मी हाकीन. दुसरे काय म्हणणार?

आता माझेही लिहितो, कारण हा कागद देव वाचणार आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी पाण्यातून वर आलो तेव्हा मला खरोखर हलके वाटले होते. तरुणपणातला दारूचा नाद, पार्बताबाईवर उगारलेला हात, सगळे त्या पाण्यात राहिले, आणि पुन्हा कधी ते माझ्यामागे आले नाही. प्रभूने पाप उचलले ते उचललेच, याची मला खात्री आहे. पण नत्थुजीवरचा राग त्या पाण्यानंतरचा. तो मी कधी पाण्यात नेलाच नाही, काठावरच धरून बसलो. त्याने आपल्या अर्ध्या वाडीत कपाशी लावली तेव्हा मी प्रार्थनेत तिच्यावर अळी मागितली. रोज मागितली. त्या साली त्याची कपाशी माझ्या कमरेला लागली आणि त्याच्या बैलांच्या शिंगांवर पितळी शेंब्या चढल्या.

मास्तरांच्या ओसरीवर प्रभुभोजन होते तेव्हा भाकरीचे ताट माझ्यापर्यंत येते आणि मी खोकल्याचे निमित्त करून उठून जातो. मनात भावाबद्दल वैर ठेवून त्या ताटाला हात लावू नये असे आम्हाला शिकवले आहे. मला कोणी अडवलेले नाही. मीच अडलो आहे.

इथपर्यंत लिहून मी कागद मास्तरांना दाखवला. त्यांनी उजेडात धरून सगळा वाचला आणि म्हणाले, "पुंजारामजी, हे मृत्युपत्र आहे का फिर्याद?"

म्हणून कलम चौथे रद्द.

कलम पाचवे, चौथ्याच्या जागी. माझा वाडीचा हिस्सा, बैल आणि मोट सर्व नत्थुजीला द्यावे, आणि देतेवेळी पंचांना बोलावून त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे की ज्याला तू विहीर बंद केलीस, त्याच मेलेल्या माणसाने तुला हे दिले आहे.

हे लिहून मला फार बरे वाटले. दोन दिवस भूकही चांगली लागली. मग मास्तर आले आणि त्यांनी तेही वाचले.

"हे दान नाही," ते म्हणाले. "थापडच आहे. कापडात गुंडाळली एवढंच."

मी म्हणालो, "मास्तर, देतो तरी तुम्ही म्हणता नाही, नाही देत तरी म्हणता नाही. मी करू तरी काय?"

"त्याले जाऊन भेटा."

"त्यानं तोंड फिरवलं तं?"

"तं तुम्ही त्याची पाठ पाहून या. पण जा."

कलम पाचवे रद्द. आणि मी गेलो नाही. कागद तसाच पेटीत ठेवला.

पुढील मजकूर तारीख ४ मार्च सन १८६५ रोजी लिहिला आहे. शाई वेगळी आहे, माणूस तोच.

मधल्या काळात मला तापाने धरले. मला मरणाचे भय वाटत नाही, ते प्रभूने काढून घेतले आहे. भय वेगळेच वाटू लागले. त्याच्या दारात उभा राहीन तेव्हा तो विचारील, भाऊ कुठे आहे तुझा? आणि मी काय सांगू? कुंपणापलीकडे आहे म्हणून? ज्याने माझी एवढी पापे फुकट सोडली, त्याच्यासमोर मी एक बाभळीची फांदी धरून उभा राहायचे? ताप उतरल्यावर सकाळी काठी घेतली आणि जुन्या विहिरीकडे गेलो. वाटेत दोनदा परत फिरावेसे वाटले. एकदा खरेच फिरलो होतो.

नत्थुजी मोट हाकत होता. रुख्मिणी पाणी वळवत होती. मी फांद्यांच्या अलीकडे उभा राहिलो.

"नत्थू."

"बोल."

"म्या तुले माफ केलं."

त्याने बैल थांबवले. "काऊन? म्या मागतली का माफी?"

मला राग येऊ लागला. पण मास्तरांची थापड आठवली. मी म्हणालो, "मागतली नाही म्हणून तं देऊन राहिलो. अन् तूही मले माफ कर. म्या तुह्या कपाशीवर अळी मागतली देवाले."

"कवा?"

"रोज."

नत्थुजी माझ्याकडे पाहतच राहिला आणि मग एकदम हसला. "अन् त्यानं तुहं ऐकलं नाही? बरा देव आहे मंग तुहा."

हसता हसता त्याचा चेहरा बदलला. कासरा हातात तसाच धरून तो म्हणाला, "माह्या पोरीचं लगन अडलं होतं, दादा. पंच म्हणे, भावाचे दिवस घाल, नाही तं पोरगी घरात ठेव. म्या काय करू? तुले हेच सांगायले आलो होतो बजारात. तू वांगंही हातात घेऊ देल्लं नाही."

हे मला ठाऊक नव्हते. सहा वर्षे मला वाटत होते की तो वांगी घ्यायला आला होता.

मी विचारले, "पिंडापाशी काय वचन देल्लं तू मले?"

"वचन कायचं? म्या कावळ्याले हात जोडले. म्हनलं, शिवू नोको बापा. तू शिवला तं माहा भाऊ खराच गेला." तो विहिरीत पाहू लागला. "तो शिवला नाही. लोक भुकेनं माह्या नावानं बोटं मोडून राहिले, अन् मले आतून असं बरं वाटून राहिलं."

काट्यांतून कसा गेलो ते कळले नाही, धोतर फाटले, पण मी मोट जिथे ओतते त्या थारोळ्याच्या कडेवर जाऊन बसलो. तो शेजारी येऊन बसला. रुख्मिणीने पदर पुढे ओढला आणि बैलाला म्हणाली, "थांब रे राजा. दोन म्हातारे रडून राहिले, आज तुले पानी कोन पाजते!" मग तिने एक फांदी पायाने ओढून बाजूला केली, नंतर दुसरी. "सुकल्या आहेत चांगल्या," ती फांदीलाच म्हणाली, "चुलीले होतीन."

मला लगेच काळजी लागली. मी म्हणालो, "नत्थू, पंच?"

"पोरगी नांदून राहिली, तिले लेकरं झाले. आता काय करतीन? माहेही दिवस घालतीन. घालू दे. दोघं मेलेले मिळून मोट हाकू."

तेव्हा आता शेवटचे कलम लिहितो. यानंतर खोडणार नाही.

माझी इच्छा होती की वाडीचा माझा हिस्सा नत्थुजीला सुखाने द्यावा, पंचांना न बोलावता. तो आणि मी किसनरावांकडे गेलो. त्यांना मी साक्षीदारांबद्दल विचारले. ते म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष त्याच कागदावर घेऊ नये, उद्या कोणी बोट ठेवील. मी म्हणालो, बरे झाले विचारले. साक्षीला दुसरा कोणी पाहू. तर नत्थुजी मध्येच बोलला.

"साक्षीदारानं काय सांगायचं असते?"

किसनराव म्हणाले, "हेच, की लिहून देणारा जिवंत आहे, शुद्धीवर आहे, अन् माह्यासमोर सही केली."

नत्थुजीने कागदाकडे पाहिले. मग म्हणाला, "मले वाटा नोको. मले साक्ष द्या."

मी पुष्कळ समजावले. आजच्या दिवसांत विहिरीच्या पाण्याची काळी जमीन कोणी सोडत नाही. किसनरावांनीही समजावले. तो हटला नाही. म्हणाला, "एका डावी चार लोकाईत खोटं सांगतलं. आता खरं सांगू द्या."

म्हणून वाडीचा माझा हिस्सा कौशल्येला द्यावा. ती अकोल्यात राहते तोवर नत्थुजीने तो बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, करावा. निम्म्या वाफ्यांत भाजीच लावावी, बाकी त्याची मर्जी. बैल व मोट त्याच कामी राहतील. जुन्या विहिरीवर पुन्हा कोणी काटे टाकू नयेत. नाल्याकाठची माझी मचूळ विहीर ज्यांना गावात कोणी पाणी भरू देत नाही त्यांच्यासाठी उघडी राहावी. पाणी गोड नाही, ते त्यांना आधी सांगावे. पण भांडी, धुणे आणि जनावरे यांना चालते, आणि कोणी जात विचारणार नाही. रुख्मिणीने मला सहा वर्षांमागे जे म्हटले होते ते मी विसरलो असे लिहिणार नाही, ते खोटे होईल. पण आता ते आठवले की मला पुढचे, चुलीचे वाक्यही आठवते. तिला माझ्याकडून एक लुगडे द्यावे, निळे.

मृत्युपत्राचा अंमल देवीदास मास्तर व किसनराव पटवारी यांनी करावा. मागच्या रविवारी मी ओसरीवर ताटातली भाकरी घेतली. खोकला आला होता, पण उठून गेलो नाही. माझ्या जिवाबद्दल आता मला लिहिण्यासारखे काही उरले नाही. तो ज्याचा आहे त्याच्याकडे आहे.

मुक्काम अमरावती, तारीख ४ मार्च सन १८६५.

सही, पुंजाराम वल्द सहदेव, स्वहस्ते.

साक्षीदार पहिला: देवीदास, उपदेशक, हल्ली मुक्काम अमरावती. सही.

साक्षीदार दुसरा: नत्थुजी वल्द सहदेव माळी. लिहिता येत नाही, निशाणी खुरपे. त्याने सांगितले तसेच किसनराव पटवारी यांनी लिहिले: "हा पुंजाराम माहा सख्खा थोरला भाऊ आहे. म्या आज याले माह्या डोळ्यानं पाह्यलं, हात लावून पाह्यलं. याचं डोकं ठिकाणावर आहे. हा मेला नाही. कोनी इचारलं तं म्या पंचाईतीतही हेच सांगीन, की माहा भाऊ जित्ता आहे."